चीनच्या प्रभावाचं वर्ष आखताय? बारा विषय नकोत, आधी एक बंदर घ्या

तुमच्या विद्यापीठाने पुढचं शैक्षणिक वर्ष 'जागतिक राजकारणातला चीनचा वाढता प्रभाव' या विषयासाठी राखून ठेवलंय. तुम्ही संयोजन समितीत आहात आणि विचारताय की वर्षभरात कोणते विषय घ्यावेत, वक्ते कुठून आणावेत आणि पदवीच्या मुलांकडून नेमकं काय करून घ्यावं. सोबतचा कच्चा आराखडाही वाचला. दर महिन्याला एक विषय: सीमाप्रश्न, बेल्ट अँड रोड (परदेशांत रस्ते, रेल्वे, बंदरं उभारण्याची चीनची योजना), दक्षिण चीन समुद्र, तंत्रज्ञान, आफ्रिका, तैवान, आणि शेवटी राष्ट्रीय चर्चासत्र.

आंतरराष्ट्रीय संबंध शिकवण्यात आणि असे उपक्रम उभे करण्यात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून स्पष्टच सांगतो. हा आराखडा बदला. विषय चुकीचे नाहीत, पण दर महिन्याला नवा वक्ता, नवा खंड आणि नवा नकाशा असला की मुलांच्या हाती वर्तमानपत्रातून आधीच आलेली मतंच पुन्हा पडतात. चीन आक्रमक आहे, चीन हुशार आहे, चीनने अमुक देश गिळला. वर्षाअखेरीस एकालाही एखादा करार वाचता येत नसेल तर वर्ष वाया गेलं असं मी म्हणेन.

माझ्या मते अशा वर्षाचा कणा एकच असावा: प्रभाव जिथे पडतो तिथे जाऊन तो तपासायचा. बीजिंगमध्ये काय ठरलं हे महत्त्वाचं आहेच, पण त्या निर्णयाचं पुढे काय झालं हे कोलंबो, नैरोबी, अथेन्स, काठमांडू इथली सरकारं, कारकून, बँका आणि मतदार ठरवतात. त्यांना वगळून केलेला चीनचा अभ्यास अर्धवट राहतो. यासाठी एक प्रकरण निवडा आणि ते वर्षभर सोडू नका. मी श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरचं हंबनटोटा बंदर सुचवेन. बंदर जवळचं आहे, कागदपत्रं इंग्रजीत मिळतात, आणि या बंदराबद्दल जगभर जे सांगितलं जातं त्यातलं बरंच तपासल्यावर टिकत नाही. मुलांना शिकवायला यापेक्षा चांगलं प्रकरण माझ्या माहितीत नाही.

प्रचलित गोष्ट अशी: चीनने श्रीलंकेला न झेपणारं कर्ज दिलं, श्रीलंकेला ते फेडता आलं नाही, म्हणून चीनने बंदर ९९ वर्षांसाठी ताब्यात घेतलं. 'कर्जाचा सापळा' हा शब्दप्रयोग २०१७ पासून याच उदाहरणावर मोठा झाला. पहिल्या सत्रात मुलांना ही गोष्ट सांगा, आणि मग फाइल उघडायला लावा.

फाइल चीनपासून सुरूच होत नाही. हंबनटोटाला बंदर करावं ही कल्पना श्रीलंकेतली, जुनी. २००३ मध्ये एका कॅनेडियन कंपनीने व्यवहार्यतेचा अहवाल दिला, २००६ मध्ये एका डॅनिश कंपनीने दुसरा. मधे डिसेंबर २००४ ची त्सुनामी या किनाऱ्यावरून गेली होती. नोव्हेंबर २००५ मध्ये महिंदा राजपक्षे राष्ट्राध्यक्ष झाले, आणि हंबनटोटा हा त्यांचा स्वतःचा जिल्हा. आधी भारताला विचारलं होतं, असं त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितलं. पैसे शेवटी चीनच्या एक्झिम बँकेने, म्हणजे सरकारी निर्यात-आयात बँकेने दिले: २००७ मध्ये ३० कोटी ७० लाख डॉलर. काम चायना हार्बर आणि सायनोहायड्रो या चिनी सरकारी कंपन्यांनी केलं, जानेवारी २००८ मध्ये सुरू झालं आणि नोव्हेंबर २०१० मध्ये उद्घाटन झालं.

इथे वाणिज्य शाखेच्या मुलांना कामाला लावा. त्या पहिल्या कर्जाचा व्याजदर होता ६.३ टक्के. सवलतीचं कर्ज म्हणून पाहिलं तर हा दर चढाच. पण श्रीलंकेपुढे पर्याय होता: ठरलेला दर घ्या किंवा लंडनच्या आंतरबँक दराला बांधलेला, बदलता दर घ्या. तेव्हा तो लंडनचा दर पाच टक्क्यांच्या वर होता आणि चढतोय असं दिसत होतं, म्हणून श्रीलंकेने ठरलेला दर घेतला. मग २००८ चं आर्थिक संकट आलं आणि जगभरचे व्याजदर कोसळले. बदलता दर घेतला असता तर किती व्याज वाचलं असतं, याचा हिशेब मुलांना एक्सेलवर मांडता येईल. त्या एका तक्त्यातून मुलांना जे कळेल ते 'ड्रॅगनचा विळखा' शीर्षकाच्या दहा भाषणांतून कळणार नाही. निर्णय कोलंबोत झाला होता, त्या दिवशीच्या माहितीवर झाला होता, आणि तो महागात पडला. पुढे २०१२ मध्ये दुसऱ्या टप्प्यासाठी ७५ कोटी ७० लाख डॉलर दोन टक्क्यांनी मिळाले, हेही त्याच तक्त्यात यायला हवं.

बंदर चाललं नाही. २०१२ मध्ये तिथे ३४ जहाजं लागली, तेव्हा कोलंबोत ३,६६७. पूर्व-पश्चिम जहाजमार्ग जवळून जातो म्हणून जहाजं आपोआप वळत नाहीत. बंदरामागे कारखाने, गोदामं, रस्ते, बाजारपेठ लागते, आणि हंबनटोटामागे ते काही नव्हतं. सरकारने मोटारी आणणारी जहाजं कोलंबोऐवजी तिकडे वळवली, तरी भागलं नाही. शेजारी मत्तला विमानतळ झाला, २०११ च्या विश्वचषकासाठी क्रिकेटचं मैदान झालं, २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठीही त्याच गावाने दावा केला. एका नेत्याच्या जिल्ह्यात पैसा कसा ओतला जातो हे महाराष्ट्रातल्या मुलांना वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

आता ९९ वर्षांच्या करारापाशी या, कारण सगळं मतभेदाचं मूळ तिथे आहे. जानेवारी २०१५ मध्ये राजपक्षे निवडणूक हरले. पुढच्या सरकारपुढे डॉलरची टंचाई होती, आणि तिचं मोठं कारण हंबनटोटाचं कर्ज हे नव्हतं. श्रीलंकेने खुल्या बाजारात विकलेले डॉलर-रोखे, म्हणजे डॉलरमध्येच फेडायचं कर्ज, ही खरी अडचण होती, आणि ते रोखे मुख्यतः पाश्चात्त्य गुंतवणूकदारांकडे होते. जुलै २०१७ मध्ये चायना मर्चंट्स पोर्ट या कंपनीशी करार झाला: सुमारे ११२ कोटी डॉलर, त्या बदल्यात बंदर चालवणाऱ्या कंपनीत ७० टक्के हिस्सा आणि ९९ वर्षांचा भाडेपट्टा. हे पैसे श्रीलंकेच्या परकीय गंगाजळीत गेले. एक्झिम बँकेचं कर्ज माफ झालं नाही, ते सरकारी तिजोरीच्या नावावर फिरलं आणि हप्ते चालूच राहिले. म्हणजे 'कर्ज फिटलं नाही म्हणून बंदर घेतलं' असं घडलं नाही. एका चिनी बँकेचं कर्ज तसंच ठेवून एका वेगळ्या चिनी कंपनीला बंदर भाडेपट्ट्याने देऊन रोख रक्कम उभी केली गेली. फरक बारीक वाटतो, पण तो कळला नाही तर पुढचं काहीच कळत नाही.

मुलं इथे लगेच दुसऱ्या टोकाला जातील: म्हणजे चीनचा काही दोष नाही, सगळी पाश्चात्त्य बोंब. तिथेही थांबवा. न चालणाऱ्या बंदराला कर्ज देताना एक्झिम बँकेने परतफेडीचा विचार कितपत केला, हा प्रश्न उरतोच. काम चिनी कंपन्यांनाच मिळालं, स्पर्धात्मक निविदा झाली नाही, हेही उरतं. आणि १६ ऑगस्ट २०२२ हा दिवस उरतो. त्या दिवशी युआन वांग ५ हे चिनी जहाज, उपग्रह आणि क्षेपणास्त्रांचा माग काढणारं, हंबनटोटाला लागलं. श्रीलंकेने आधी परवानगी दिली, भारताच्या आक्षेपानंतर भेट पुढे ढकलायला सांगितलं, आणि काही दिवसांनी पुन्हा दार उघडलं. देश तेव्हा दिवाळखोर होता. एप्रिलमध्ये परकीय कर्जाचे हप्ते थांबवले होते, जुलैत राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे पळून गेले होते. बंदराची सुरक्षा करारानुसार श्रीलंकेच्याच हाती आहे. तरी ज्याच्याकडे कर्जाची फेररचना मागायची आहे त्याच्या जहाजाला नाही म्हणणं किती कठीण, ते या आठवड्याभरात दिसलं. प्रभाव म्हणजे काय, हे मला याहून स्वच्छ कुठे दिसलेलं नाही. करारातलं एकही कलम मोडलं नाही आणि तरीही काम झालं.

पुढचा भाग वगळू नका. जानेवारी २०२४ पासून श्रीलंकेने परदेशी संशोधन जहाजांवर वर्षभराची बंदी घातली. २०२१ मध्ये त्याच देशाने कोलंबो बंदरातल्या पूर्व टर्मिनलचा भारत आणि जपानशी झालेला करार रद्द केला होता, आणि मग पश्चिम टर्मिनल अदानी समूहाला दिलं. लहान देश दोन मोठ्यांमध्ये आपली जागा कशी राखतो, हे या क्रमात आहे. आपणही त्या गोष्टीत एक मोठा देश आहोत, आणि श्रीलंकेतला माणूस आपल्याकडेही सावधपणेच पाहतो. हे मुलांना ऐकायला आवडत नाही. ऐकवा.

हंबनटोटावर पहिलं सत्र जाईल. तीन विभाग एकत्र आणा: राज्यशास्त्राने निवडणुका आणि परराष्ट्र धोरणाचा धागा धरावा, वाणिज्य-अर्थशास्त्राने कर्जाचा, विधी विभागाने कराराचा. विधीच्या मुलांसाठी एक खास काम आहे. चिनी बँकांनी २४ देशांशी केलेले शंभर कर्जकरार संशोधकांनी मिळवून २०२१ मध्ये मूळ मजकुरासह खुले केले. त्यातले दोन-तीन करार छापून घ्या आणि वर्गात ओळीने वाचा. वाद झाला तर कोणत्या देशाचा कायदा लागू, लवाद कुठे, गोपनीयतेचं कलम काय म्हणतं, कर्जदाराने कोणतं खातं कोणत्या बँकेत ठेवायचं, इतर सावकारांबरोबर सामूहिक फेररचनेत जायला मनाई आहे का. एक्झिम बँकेच्या करारांत चिनी कायदा आणि बीजिंगमधला लवाद सहसा दिसतो. गोपनीयतेच्या कलमामुळे कर्ज घेणाऱ्या देशाच्या संसदेलाही बऱ्याचदा अटी कळत नाहीत. केनियात मोम्बासा-नैरोबी रेल्वेचे करार खुले करा ही मागणी याच कारणाने वर्षानुवर्षं चालली, आणि २०२२ मध्ये नव्या सरकारने त्यातले काही कागद बाहेर काढले. या वाचनाला वेळ द्या. पहिले दोन तास मुलं कंटाळतील, मग कुणीतरी एका कलमावर बोट ठेवून 'सर, हे असं कसं?' विचारेल, आणि तिथून वर्ग तुमच्या हातात येईल.

दुसऱ्या सत्रात तुलना. इथे झरझर जायला हरकत नाही. ग्रीसचं पिरेयस बंदर घ्या: कॉस्को या चिनी कंपनीने २०१६ मध्ये ५१ टक्के हिस्सा घेतला, पुढे तो ६७ टक्क्यांवर नेला, आणि ते बंदर जोरात चाललं. जिबूती घ्या, जिथे २०१७ मध्ये चीनचा परदेशातला पहिला लष्करी तळ उघडला. नेपाळमधला, चिनी कर्जातून बांधलेला पोखरा विमानतळ घ्या, जो १ जानेवारी २०२३ ला सुरू झाला. गटागटाने एकेक प्रकरण द्या, आणि हंबनटोटाला विचारले तेच प्रश्न विचारायला लावा: कल्पना कुणाची, पैसे कुणाचे, दर काय, काम कुणाला, निवडणूक कधी होती, आज चालवतं कोण. बेल्ट अँड रोडची घोषणा सप्टेंबर २०१३ मध्ये शी जिनपिंग यांनी अस्तानातल्या नझरबायेव विद्यापीठात केली होती, हेही सांगा. कझाकस्तानच्या विद्यार्थ्यांपुढे मांडलेली कल्पना दहा वर्षांत कुठवर गेली, हा प्रश्न विद्यापीठात विचारायलाच हवा.

आता आपल्याकडचा भाग. तुमच्या आराखड्यात भारत म्हणजे फक्त सीमा. गलवान हवंच, १५ जून २०२० ला आपले वीस जवान गेले, त्यावर बोलल्याशिवाय भारतात हे वर्ष होऊ शकत नाही. पण त्याच वर्षीच्या ऑगस्टची एक नोंद त्याच्या शेजारी ठेवा. गलवाननंतर जेमतेम दोन महिन्यांनी, मुंबईच्या उपनगरी रेल्वेच्या एमयूटीपी ३ प्रकल्पासाठी एशियन इन्फ्रास्ट्रक्चर इन्व्हेस्टमेंट बँकेच्या ५० कोटी डॉलरच्या कर्जावर सह्या झाल्या. बँकेचं मुख्यालय बीजिंगमध्ये, मतांचा चौथ्या हिश्श्याहून अधिक वाटा चीनचा, आणि दुसऱ्या क्रमांकाचा भागधारक भारत. बेल्ट अँड रोडच्या २०१७ च्या बीजिंग परिषदेला भारत गेला नाही, कारण चीन-पाकिस्तान मार्गिका गिलगिट-बाल्टिस्तानातून जाते. या बँकेत मात्र भारत २०१६ पासून, पहिल्या दिवसापासून आहे. एकाला नकार आणि दुसऱ्याला होकार, दोन्ही विचारपूर्वक दिलेले. या विषयावर एक वादविवाद ठेवा, मुलं तयारी करून येतील.

मग चाकणला जा. २०२५ च्या एप्रिलमध्ये चीनने काही दुर्मिळ मृदा धातूंच्या आणि त्यांपासून केलेल्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, आणि विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या मोटारींना लागणारी चुंबकं अडकली. त्याची झळ पुण्याच्या वाहन उद्योगाला बसली. एखाद्या कारखान्याच्या खरेदी विभागातला माणूस बोलवा, मोठा अधिकारी नको. परवान्याचा अर्ज कसा करावा लागला, अंतिम वापराचं प्रमाणपत्र कुणाकडून घ्यावं लागलं, पर्याय कुठे शोधले, हे तोच सांगू शकतो. २०२४-२५ मध्ये चीनशी भारताची व्यापारातली तूट सुमारे ९९ अब्ज डॉलर होती. हा आकडा फलकावर लिहून काही होत नाही. तो आकडा औषधाच्या गोळीत, मोबाइलच्या सुट्या भागात आणि त्या चुंबकात दाखवावा लागतो. औषध कंपनीत कच्च्या मालाची खरेदी बघणारे, चीनमधल्या यिवूच्या घाऊक बाजारातून माल आणणारे मुंबईचे व्यापारी, चीनमध्ये एमबीबीएस करून आलेले डॉक्टर, हे सगळे तुमच्या जिल्ह्यात सापडतील. यांना मानधन कमी लागतं आणि ऐकण्यासारखं फार असतं.

वक्त्यांबद्दल. निवृत्त सेनाधिकारी आणि राजदूत जरूर बोलवा, पण चीनवरचा वक्ता निवडताना एक कसोटी लावा: त्याला चिनी भाषा वाचता येते का, किंवा त्याने त्या देशात काम केलंय का. मराठी माणसांत ही परंपरा आहे. फर्ग्युसनमधले पु. वि. बापट बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरांवर काम करत होते. वसंत परांजपे १९४७ मध्ये शिष्यवृत्तीवर पेकिंगला शिकायला गेले आणि पुढे नेहरूंच्या चीनभेटीत दुभाषे झाले. नाटककार म्हणून आपण ओळखतो ते गो. पु. देशपांडे दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठात चीनचं राजकारण शिकवत. विजय गोखले बीजिंगमध्ये राजदूत होते, मग परराष्ट्र सचिव झाले. एक दिवस या परंपरेला द्या. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांना तुम्ही आधीच जागा दिली आहे, ते योग्यच. पण १९३८ मध्ये चीनला गेलेल्या त्या वैद्यकीय पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते, त्यांचाही उल्लेख व्हावा. आणि कोटणीसांचं नाव आजही चिनी नेते भारतभेटीत घेतात, त्यामागे काय आहे, तेही याच वर्षाच्या अभ्यासात बसतं. माणसाचं मोठेपण त्याने उणावत नाही.

चीनमधला प्राध्यापक हवा असेल तर आताच हालचाल करा. परिषदेच्या व्हिसासाठी परराष्ट्र आणि गृह मंत्रालयाची संमती लागते, आणि आयत्या वेळी काही होत नाही. ऑनलाइन बोलवायचं ठरलं तरी कुलसचिवांची लेखी परवानगी आधी घेऊन ठेवा. श्रीलंकेतला वक्ता आणणं त्या मानाने सोपं आहे, आणि तुमच्या वर्षासाठी तो जास्त मोलाचा आहे. पेरादेनिया किंवा कोलंबो विद्यापीठातल्या अर्थशास्त्र विभागाला आजच पत्र पाठवा.

पैशाचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण येईल. कुठल्याही सरकारशी बांधलेला निधी या वर्षासाठी घेऊ नका, चीनचा नको आणि चीनविरोधी प्रचारासाठी पैसे देणाऱ्यांचाही नको. जगभरच्या विद्यापीठांत कन्फ्यूशियस संस्थांवरून, म्हणजे चीन सरकारच्या पाठबळाने चालणाऱ्या चिनी भाषा-संस्कृती केंद्रांवरून, जे वाद झाले ते वाचून ठेवा. २००४ मध्ये सेऊलला पहिली संस्था निघाली, मग जगभर पाचशेवर झाल्या. शिकागो विद्यापीठाने २०१४ मध्ये करार थांबवला, आपल्याकडे २०२० मध्ये शिक्षण मंत्रालयाने आढावा घ्यायचं ठरवलं. भाषा शिकवायला विरोध नव्हता. शिक्षक कोण नेमणार आणि तैवान, तिबेट, तियानआनमेनबद्दल वर्गात बोलता येणार का, यावरून ठिणगी पडली. तुमच्या वर्षात हे तिन्ही विषय असले पाहिजेत, आणि ते कुणाला विचारून घ्यावे लागू नयेत.

भाषेचा वर्ग मात्र सुरू कराच. वीस मुलं, आठवड्याला दोन तास. वर्षाअखेरीस कुणाला वृत्तपत्र वाचता येणार नाही, पण त्यातली दोघं-तिघं पुढे शिकतील. आपल्याकडे चीनवर बोलणारे भरपूर आणि चिनी वाचणारे मोजके आहेत. ही उणीव भाषणांनी भरून निघणार नाही, आणि मला या वर्षाकडून सगळ्यात मोठी आशा त्या दोघा-तिघांचीच आहे.

राष्ट्रीय चर्चासत्र रद्द करा असं मी म्हणणार नाही, विद्यापीठाला ते लागतंच. फक्त त्यातला एक पूर्ण दिवस मुलांचा ठेवा. हंबनटोटा, पिरेयस, पोखरा, मोम्बासा, चाकण: प्रत्येक गटाने आपली फाइल मांडायची, आणि समोर अर्थशास्त्राचा आणि विधीचा एकेक जाणता माणूस बसवायचा, जो आकडे आणि कलमं विचारेल. त्या फाइली मराठीत लिहून घ्या आणि ग्रंथालयात ठेवा, पुढच्या तुकडीला तिथून पुढे जाता येईल. समितीच्या पुढच्या बैठकीत आधी दोन गोष्टी मंजूर करून घ्या: तीन विभागांचा सामाईक तास वेळापत्रकात, आणि करारांच्या छपाईचा खर्च. बाकीचं जुलैपर्यंत थांबू शकतं.